वज्रशक्तीचा वास

"श्शी! हा वास कसला येऊन राहिला बे?" आचलने दारातच रुमाल नाकाला लावला.

"हळू बोल ना!" पियुषने तिला कोपराने ढोसलं. "हा वास नाही, ऊर्जा आहे. सर सांगतात."

"ऊर्जेला ओल्या मोज्यांचा वास येते काय?" मागून सुगत म्हणाला. आचल फिसकन हसली.

मे महिन्याची सुट्टी होती. संध्याकाळचे सहा वाजले तरी अमरावतीचे रस्ते तव्यासारखे तापलेले होते. आचल नुकतीच सातवी पास झालेली. पियुष तिचा चुलत भाऊ, दहा वर्षांचा, तीन आठवड्यांपासून 'वज्रशक्ती मार्शल आर्ट्स अकॅडमी'त जाणारा. सुगत आचलच्या वर्गातला आणि शेजारच्या घरातला.

आचलला कराटे शिकायचं होतं ते गंमत म्हणून नाही. मार्चमध्ये ट्यूशनहून येताना दोन पोरांनी मोटरसायकल तिच्या सायकलीला आडवी घातली होती. तिची चावी काढून घेतली, हसत हसत नालीत फेकली आणि निघून गेले. आचलच्या तोंडून तेव्हा शब्दसुद्धा फुटला नाही. हात घालून ती चावी नालीतून काढताना आलेली किळस तिला अजून आठवायची. आणि आपण गप्प राहिलो त्याची तर जास्तच.

"पालक बाहेर!" आतून भसाडा आवाज आला. आचलचे बाबा एक पाय आत टाकत होते, ते तिथेच थांबले. "गुप्त विद्या आहे साहेब. बाहेरच्यानं पाहिली की बाटते. तो पोरगाही बाहेर!"

"ठीक आहे सर, ठीक आहे," बाबा घाईने म्हणाले आणि मोबाइल काढून स्कूटरवर बसले. सुगतला दाराबाहेर ठेवून दार बंद झालं.

आत ग्रँडमास्टर गजेंद्र सर खुर्चीत पसरले होते. काळा पोशाख, कमरेला सोनेरी पट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. एक मुलगा त्यांचे पाय चेपत होता. सरांनी तोंड वळवलं आणि कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यात पिचकारी मारली. निम्मी डब्यात, निम्मी भिंतीवर.

आचलने पाय मॅटवर ठेवला आणि तिच्या अंगावर काटाच आला. मॅट चिकट होती! पाऊल उचललं की चर्र आवाज. कडेला केसांचे पुंजके, वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका, आणि फाटलेल्या जागेतून डोकावणारा काळपट स्पंज.

"सर, ही मॅट कधी धुतात?"

"धुतात?" सर गरजले. "पाण्यानं शक्ती वाहून जाते! या मॅटमध्ये सहा वर्षांचा घाम आहे, घाम!"

त्यावर मात्र आचलचा लगेच विश्वास बसला.

मग जोड्या लागल्या. दातांना लागू नये म्हणून तोंडात बसवायचं रबरी माउथगार्ड होतं. अकरा मुलांत एक! एकाने तोंडातून काढायचं, बादलीत बुचकळायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं. बादलीतल्या पाण्यावर पांढरट साय आली होती. आचलची पाळी आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली. पोटातलं दुपारचं आंब्याचं पन्हं वर येऊ पाहत होतं.

"नाजूक आहे!" सर हसले. "चला, शून्यप्रहार!"

मुलं ओळीत उभी राहिली. सरांनी डोळे मिटले, तळहात पुढे केला आणि ओरडले, "हूंऽऽ!" दहा फुटांवरचा नितेश धाडकन मागे पडला. नितेश चौदा वर्षांचा, अकॅडमीतला सगळ्यात जुना. मग दुसरा पडला, तिसरा पडला, पियुषसुद्धा पडला. आचल शेवटची. तळहात तिच्याकडे वळला. तिला काहीच जाणवलं नाही. वारासुद्धा नाही. पण सगळी मुलं खाली पडून तिच्याकडे बघत होती. सरही बघत होते.

आणि आचल पडली.

*

"तू काहून पडली?" सुगतने विचारलं. दाराच्या फटीतून त्याने सगळं पाहिलं होतं. बाबा स्कूटरवरून पुढे गेले होते आणि घरी जाताना तिघं वड्याच्या गाड्यावर थांबले होते. समोर गरम गिला वडा, वर दही, पण आचलने चमच्यालाही हात लावला नव्हता.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "सगळे पडले म्हणून पडली. काही लागलं नाही, धक्का नाही, काहीच नाही. मले माह्यीच घाण येऊन राहिली, सुगत!"

"तुले शक्ती समजली नाही," पियुष तोंडभर वडा घेऊन म्हणाला. "मी तं रोज पडतो. आणि रविवारच्या शोमध्ये सरांनी मलेच निवडलं! माह्या पोटावर फरशी ठेवून सर घणानं फोडणार. बाबांनी बॅनरसुद्धा लावलं!" बोलता बोलता तो दंड खाजवत होता. कराकरा.

"काय झालं तिथं? दाखव." सुगतने त्याची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा लाल गोल चट्टा, कडेला खरबरीत खवले. शेजारी आणखी दोन.

"ई! हात धू आधी!" आचल ओरडली. "नितेशच्या मानेवर असाच चट्टा आहे! आणि पाय चेपणाऱ्या पोराच्या हातावरही!"

"अकॅडमीतच काहून होते हे सगळ्यांना?" सुगतने भुवया उंचावल्या. "आणि दार काहून बंद ठेवतात? काहीतरी गडबड आहे बाप्पा."

आचलने घरी गेल्या गेल्या बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता ऐकलं. "भिंतीवर केवढी सर्टिफिकेटं आहेत, पाहिलं नाही का? ब्लॅक बेल्टातली सगळ्यात वरची पायरी, दहावा डॅन आहे तो माणूस! एका दिवसात कंटाळा आला तुला." पियुषचे बाबा, श्रावणकाका, तर कार्यक्रमाचे मुख्य आयोजक होते. "घाम गाळल्याशिवाय काही येत नाही," त्यांनी ऐकवलं. त्यांनी स्वतः त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"मोठ्यांना पुरावा लागते," सुगत दुसऱ्या दिवशी म्हणाला. "उद्या मी आणि आई अकोल्याला मावशीकडे चाललो दोन दिवस. भावनामावशी ज्युदो शिकवते. तुमी पण चला! तिले विचारू, खरा मास्तर कसा ओळखायचा ते."

त्या संध्याकाळी आचल मुद्दाम अकॅडमीत गेली. सर डब्याकडे वळले तेवढ्यात तिने सुगतच्या मोबाइलवर भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या सर्टिफिकेटचा फोटो काढला.

*

अकोल्याला पारा पंचेचाळीसवर होता, म्हणून भावनामावशींचा वर्ग सकाळी साडेसहालाच भरायचा. तिघं अर्धवट झोपेत टिनाच्या हॉलवर पोचले, तर दार सताड उघडं! आत मावशी सलवारचे पाय दुमडून, हातात पोतेरं घेऊन मॅट पुसत होत्या. जंतुनाशकाचा झोंबरा वास सुटला होता.

"जय भीम मावशी!" सुगत ओरडला.

"जय भीम! चपला बाहेर, पाय धुवा, नखं दाखवा," मावशींनी एका दमात सांगितलं. मग त्यांची नजर पियुषच्या दंडावर गेली. पोतेरं हातातच राहिलं. "तू मॅटवर नाही यायचं बेटा. त्या बाकावर बस."

"काहून?" पियुषचा चेहरा पडला.

"गजकर्ण आहे हे. घाणेरड्या मॅटवरून होते, एकाचं दुसऱ्याला लागते. कुठं शिकतो तू?"

"गजेंद्र सरांकडे."

"म्हणजे गजेंद्रचं गजकर्ण!" सुगत म्हणाला. कोणी हसलं नाही, पियुष तर रडायलाच आला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही रे. मलम लावलं की जाते. चूक त्या मास्तरची आहे."

आचलने सगळं सांगितलं. डबा, बादली, माउथगार्ड. माउथगार्डपाशी मावशींनी डोळेच मिटून घेतले. "थांब. पुरे. अकरा तोंडांत एक? श्शी! एकाच्या हिरडीतून रक्त आलं म्हणजे?" शून्यप्रहाराचं सांगताना आचल अडखळली. "मी पण पडली, मावशी. खोटं खोटं."

"तू पहिली नाहीस," मावशी म्हणाल्या. "सगळे पडतात तिथं उभं राहणं सोपं नसते. पण एक समज. उद्या रस्त्यावर कोणी अडवलं आणि तुला वाटलं की हात पुढे केला की तो पडेल, तर? मॅटचा रोग मलमानं जाते. खोटा धीर लई वाईट. तो लागला की माणूस पळायच्या वेळी पळत नाही."

तासभर तिघांनी वर्ग पाहिला. बाकावर चार आया बसल्या होत्या. पोरं एकमेकांना उचलत होती, आदळत होती, पण एकाने दोनदा थाप मारली की दुसरा त्याच क्षणी सोडत होता. एका मुलीचा पाय मुरगळला तर मावशींनी वर्ग थांबवला, बर्फ लावला आणि तिच्या आईला एक्स-रे काढायला सांगितलं.

"मग खरा मास्तर ओळखायचा कसा?" आचलने वही काढली.

"विचारायचं. तुमचा गुरू कोण, त्यांचा फोन नंबर द्या. माझे सर यवतमाळला आहेत, आत्ता फोन लाव. कोणत्या संघटनेत नाव आहे, तेही विचारायचं. आम्ही बसून पाहू का, म्हणायचं. आणि त्याची पोरं पाहायची. त्याला घाबरतात की त्याला प्रश्न विचारतात? मग तो ज्युदोवाला असो, कराटेवाला असो, कुस्तीवाला असो."

सुगतने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "आणि हे सर्टिफिकेट?"

'विश्व वज्रशक्ती महासंघ. ग्रँडमास्टर गजेंद्र यांना दहावा डॅन प्रधान.' खाली अध्यक्षांची लफ्फेदार सही. पियुष बाकावरून उठून आला. त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि किंचाळला, "ही तं सरांचीच सही आहे! माह्या पिवळ्या बेल्टच्या कागदावर हेच आहे! ग असाच, शेपटीवाला!"

"म्हणजे यानं स्वतःच स्वतःला दिलं?" आचल म्हणाली.

"आणि टाळ्याही स्वतःच वाजवल्या असतील," मावशी म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या. "हे सर्टिफिकेट एकवेळ सोड. घणाखाली पोरगं झोपवणार म्हणतो? फरशी घसरली, नेम चुकला तर बरगडी मोडेल." त्यांनी तिथूनच श्रावणकाकांना फोन लावला. काकांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मॅडम, दुसऱ्याचा क्लास चालला की पोटात दुखतं काही लोकांच्या!" फोन कट.

मावशींनी मोबाइल खाली ठेवला. "रविवारी मी येते. पण तोवर तुम्ही गप्प बसू नका."

*

शनिवारी सकाळी तिघांनी नितेशला मैदानाजवळ गाठलं.

"नितेशदादा, तू शून्यप्रहारानं खरंच पडतो काय?" आचलने सरळ विचारलं.

नितेश भडकला. "तुले काय करायचं? दोन दिवस आली नाही तं मले शिकवते!"

"मी पडली होती. मले काहीच झालं नव्हतं. तुले होते काय?"

नितेशने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने उजवा हात पुढे केला. करंगळी वाकडी होती, काटकोनात वळलेल्या फांदीसारखी. "गेल्या वर्षी मोडली. सरांनी ओढून बसवली. डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही, म्हणे शक्ती बाटते. घरी सांगतलं सायकलवरून पडलो." त्याने हात खिशात घातला. "पहिल्या दिवशी माह्या पुढचा पडला म्हणून मी पडलो. तो काहून पडला, मले आजवर मालूम नाही. आता मी नाही पडलो तं बाकीचे काय म्हणतील?"

"बाकीचे तुह्याकडे पाहूनच पडतात ना!" सुगत म्हणाला.

नितेशने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कोणाशी भांडायचं नाही," आचल म्हणाली. "शिव्या नाही, ओरडणं नाही. फक्त उभं राहायचं. मी पण ओळीत येते."

संध्याकाळपर्यंत नितेश आणि आचल एकेका मुलाच्या घरी जाऊन आले. पाय चेपणाऱ्या मुलाने एकच विचारलं, "मग मले ते पाय चेपायले नाही लागणार ना? लई वास येते त्यांचा!"

*

रविवारी साडेपाचला कॉलनीचं मैदान भरलं होतं. मांडव, लाउडस्पीकर, थंड पाण्याचे कॅन. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त मुख्याध्यापक जानराव गुरुजी पहिल्या खुर्चीत बसले होते. अख्ख्या कॉलनीला त्यांनीच पाढे शिकवलेले. भावनामावशी दुपारच्या गाडीने येऊन तिसऱ्या रांगेत आचलच्या आईशेजारी बसल्या. मांडवाच्या कडेला फरशी आणि घण तयार होते. पियुषची नजर घणावरून हटत नव्हती.

"माता-भगिनी और भाइयो!" सरांनी माइक ओढला. "हिमालयात बारा वर्षं तप करून मिळवलेली विद्या! स्पर्शही न करता शत्रू भुईसपाट! शून्यप्रहाऽऽर!"

अकरा जण ओळीत उभे होते. सर्वांत पुढे नितेश, शेवटी आचल. तिने पाय मातीत घट्ट रोवले.

सरांनी तळहात पुढे केला. "हूंऽऽ!"

नितेश उभा होता.

सरांनी डोळे उघडले. "हूंऽऽऽ!" या वेळी माइक किरकिरला. नितेशच्या कानाची पाळी लाल झाली, पण पाय हलला नाही. सर घाईने दुसऱ्याकडे वळले, तिसऱ्याकडे वळले. एक लहानगा डुगडुगला. शेजारच्याने त्याचा हात धरला. तोही उभाच राहिला. आचलपर्यंत येईतो सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तळहात तिच्या नाकासमोर आला. तंबाखूचा भपकारा आला. पण ती सरांच्या डोळ्यांत बघत राहिली.

मागच्या रांगेतले लोक उभं राहून बघू लागले.

"नालायक!" सर ओरडले आणि त्यांनी वळून नितेशला दोन्ही हातांनी ढकललं. नितेश मातीत पडला.

जानराव गुरुजी काठी टेकत उठले. "अहो सर," ते शांतपणे म्हणाले, "आता तर तुम्ही हात लावला!"

आधी एक बाई हसली, मग सगळा मांडव. सरांचा चेहरा काळानिळा झाला. "फरशी आणा! पियुष, झोप!"

पियुष पुढे आला. त्याने फरशीकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं आणि मग खुर्चीतल्या श्रावणकाकांकडे पाहिलं. "मी नाही झोपत," तो म्हणाला. आवाज चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "बाबा, तुमी झोपता काय?"

श्रावणकाका अर्धवट उठले आणि तसेच उभे राहिले. हसणं थांबलं होतं.

"सर, तुमचे गुरू कोण?" मावशींनी तिसऱ्या रांगेतून विचारलं. "नाव आणि फोन नंबर सांगा."

"हिमालयात फोन नसतो!"

"मग हे सर्टिफिकेट कोणी दिलं?" सुगतने मोबाइल गुरुजींच्या हातात दिला. शेजारी पियुषचा पिवळ्या बेल्टचा कागद ठेवला. गुरुजींनी चष्मा सारखा केला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस तो! "देणारा आणि घेणारा एकच," ते म्हणाले. "आणि 'प्रदान' लिहायचं तिथं 'प्रधान' लिहिलंय, म्हणजे साधा दसुद्धा नीट लिहिता येत नाही."

"खोली उघडा," श्रावणकाका पहिल्यांदाच बोलले. "मला आत पाहायचंय."

पंधरा-वीस पालक आत शिरले आणि तेवढ्याच वेगाने निम्मे बाहेर आले. आचलच्या बाबांनी तोंडावर हात धरला होता. श्रावणकाकांनी मात्र मॅटचं एक टोक धरून उचललं. खाली काळी बुरशी पसरली होती. खर्ऱ्याच्या पन्न्या, केस, आणि उजेड पडताच सैरावैरा पळणारी झुरळं. मग त्यांची नजर बादलीतल्या त्या माउथगार्डवर गेली. "हे... माझा पोरगा तोंडात घालत होता?" ते भिंतीला टेकले.

आया आपापल्या मुलांच्या बाह्या वर करून पाहत होत्या. अकरापैकी आठ जणांना चट्टे! नितेशच्या आईने त्याची करंगळी धरली आणि ती रडू लागली. सर मागच्या दाराने निघाले होते, पण तिथे भावनामावशी उभ्या होत्या. त्यांनी काहीच केलं नाही, नुसती वाट अडवली. श्रावणकाकांनी पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत गजेंद्र सरांनी मावशींवर शून्यप्रहार करून पाहिला नाही.

*

"मी चाळीस वर्षं शिकवलं," दुसऱ्या दिवशी जानराव गुरुजी सगळ्या मुलांना समोर बसवून म्हणाले. "पोरांनी उभं राहावं म्हणून ओरडत आलो. काल न ओरडता उभी राहिलेली पोरं पाहिली. शाब्बास! आचल, सुगत, पियुष, नितेश, तुम्ही आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडले." आचलचे बाबा खाली मान घालून म्हणाले, "माझं तुझ्याकडे लक्षच नव्हतं गं." त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही.

नितेशला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. पियुषला महिनाभर मलम लावायचं होतं आणि तोपर्यंत कुठल्याही मॅटवर जायचं नव्हतं. तो आठवडाभर फुरंगटून बसला.

जूनच्या सुरुवातीला आचल, सुगत आणि श्रावणकाका सगळ्या मुलांसाठी नवा वर्ग शोधायला निघाले. पहिल्या ठिकाणी 'सहा महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी' अशी पाटी होती, ते दारातूनच परतले. दुसरीकडे सर चांगले होते, पण एवढ्या मुलांना जागा नव्हती. तिसरीकडे धर्मपाल सर भेटले. पन्नाशीचे, कपाळावर आठ्या, बोलायला रोखठोक. आचलने वही उघडली. गुरू कोण? त्यांनी नाव आणि नंबर सांगितला. मॅट कधी पुसता? रोज, दोनदा. कोणाला लागलं तर? औषधांची पेटी तिथे, दवाखाना समोर.

"आणि सर, चाकू घेऊन कोणी आलं तं काय करायचं, हे शिकवता काय?"

"नाही," धर्मपाल सर म्हणाले. "मलेच येत नाही, तर तुले काय शिकवू? चाकू दिसला की पळायचं. पळायले मात्र मी चांगलं शिकवतो." मग त्यांनी आचलकडे नीट पाहिलं. "तीस वर्षं झाली शिकवून. एवढे प्रश्न मले कोणत्याच पोरीनं विचारले नाही. उद्यापासून ये."

आचलने सुगतकडे पाहिलं. सुगतने वहीतल्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

"पालकांना बसून पाहता येईल ना?" श्रावणकाकांनी विचारलं.

"बाक आहे ना तो. पण कोणी बसत नाही."

दुसऱ्या दिवशी श्रावणकाका तिथे तासभर बसले. मोबाइल त्यांनी खिशातून काढलाच नाही.